वाटी परत करताना

पुण्या-मुंबईतल्या जुन्या तीन-चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारा, चाकाच्या खुर्चीवरचा माणूस महिनोन्महिने खाली दिसला नाही की लोक त्याला एकलकोंडा म्हणतात. जिना मोजून पाहिला तर हा शब्द जरा घाईचा वाटतो. दोन मजल्यांच्या मिळून छत्तीसेक पायऱ्या होतात. लिफ्ट नसते. खाली उतरायचे तर दोन धडधाकट माणसे लागतात, ती दोघे एकाच वेळी मोकळी असावी लागतात आणि उतरून कुठे जायचे याचे त्या दोघांना पटेल असे कारण लागते. दवाखाना हे कारण पटते. मतदान पाच वर्षांतून एकदा पटते. कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन एक कटिंग प्यावा, हे कारण कुणाला पटत नाही आणि सांगायला त्यालाही जड जाते. पहिली दोन वर्षे ही अडचण असते, तिसऱ्या वर्षी सवय होते, आणि पुढे लोक तिला त्याचा स्वभाव म्हणू लागतात. काही दिवसांनी तोही म्हणू लागतो.

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. एकट्या महाराष्ट्रात हा आकडा २९ लाखांच्या वर होता. त्या मानाने रस्त्यावर, नाट्यगृहात, लग्नाच्या पंगतीत ही माणसे किती दिसतात, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. चालण्याशी संबंधित अपंगत्व असलेल्या पुरुषांत ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. एक पोलिओचा. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण त्याच्या कितीतरी आधी, लहानपणच्या एका तापात पाय गेलेली मुले आज पन्नाशीच्या आसपास आहेत, कॅलिपर आणि कुबड्यांवर. दुसरा प्रकार अपघाताचा: दुचाकी घसरली, गच्चीवरून किंवा झाडावरून पडणे झाले, मणक्याला मार बसला. पहिल्याला चालणे आठवत नाही, दुसऱ्याला दुसरे काही आठवत नाही. एकांत दोघांच्या वाट्याला येतो, पण दुसऱ्याचा अधिक कडवट असतो, कारण त्याच्या इमारतीने त्याला जिना चढताना पाहिलेले असते.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. जुना शेजार अशा माणसाकडे बघतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत आधीचा माणूस असतो. गणपतीत मंडप बांधणारा, चेंडूने कुणाची तरी काच फोडणारा, एका दमात तीन मजले चढणारा. सहानुभूती असते, खोटीही नसते, पण तिला भूतकाळाचा वास असतो. 'केवढा उमदा मुलगा होता' हे वाक्य तो घरात असतानाच, जिन्यात उभे राहून बोलले जाते. दाराला जाळी असते, आवाज आत येतो. अशा इमारतीत नवे भाडेकरू येतात तेव्हा त्या मजल्यावर पहिल्यांदाच असे एक माणूस राहायला येते, ज्याला हा भूतकाळ ठाऊक नाही. नव्या शेजारणीने त्याला जसा पाहिला तसाच तो तिच्यासाठी असतो. तिच्या लेखी त्याच्यात काही कमी झालेले नसते, कारण आधीचा हिशेबच तिच्याकडे नाही. पुढे प्रेमापर्यंत जाणाऱ्या नात्यांची सुरुवात बहुधा जुन्या ओळखीत न होता नव्या शेजारात होते, याचे कारण इथे सापडते.

तो मात्र तिला पाहण्याआधीच ओळखू लागलेला असतो. घरात कोंडलेल्या माणसाचे कान तयार होतात. दूधवाल्याची पावले, पेपर टाकणाऱ्या पोराची शीळ, वरच्या आजोबांचा मधल्या वळणावरचा थांबा, सगळे पाठ असते. नव्या बिऱ्हाडाचा ट्रक आला, कपाट जिन्यात अडकले, कुणीतरी 'जरा आडवे घ्या' म्हणून सूचना केल्या, हे त्याने ऐकलेले असते. चार दिवसांत तिच्या चपलांचा आवाजही वेगळा काढता येतो. ती शनिवारी उशिरा उठते, गॅसच्या सिलिंडरवाल्याशी वाद घालते आणि हसताना आधी थांबते, ही माहिती त्याच्याकडे असते आणि तिला याची गंधवार्ता नसते. तिने त्याला एकदाच पाहिलेले असते, तेही जाळीच्या दारातून, अर्धवट.

अशा घरांच्या दारांत बारकाईने पाहिले तर एक गोष्ट आढळते. आतल्या कडीला एक दोरी बांधलेली असते. ती खिळ्यावरून वळवून पलंगापर्यंत किंवा टेबलापर्यंत नेलेली असते, म्हणजे दार उघडायला उठावे, खरे तर सरकावे, लागू नये. दोरी बहुधा सुती असते, हाताने मळून काळी झालेली, टोकाला गाठ. घरातल्या माणसांना ती दिसेनाशी झालेली असते. नवीन माणसाला ती पहिल्यांदा दिसते आणि बेल वाजवल्यानंतर दार आपोआप उघडते तेव्हा तिचा उपयोगही कळतो. पुढे कधीतरी जाळीतून हात घालून नवी शेजारीण स्वतःच दोरी ओढते आणि आत येते. इमारतीच्या दृष्टीने या क्षणी काहीच घडलेले नसते.

मराठी शेजाराची एक खोड इथे आडवी येते. आपण अनोळखी माणसाला लगेच नात्यात बसवतो. पंचविशीतला असेल तर दादा, पन्नाशीकडे झुकला असेल तर काका. बोलण्यात सोय होते, अंतर राखले जाते, आणि शेजारणीच्या तोंडी 'दादा' आले की जिन्यातल्या कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. अपंग माणसाच्या बाबतीत या संबोधनाचे काम जरा जास्तच होते. चाळिशीतल्या धडधाकट पुरुषाला जी बाई आडनावाने हाक मारील, ती त्याच वयाच्या खुर्चीवरच्या माणसाला चटकन 'काका' म्हणते. त्याला पुरुषांच्या यादीतून उचलून वडीलधाऱ्यांच्या यादीत ठेवले जाते आणि कुणालाही त्यात काही वावगे वाटत नाही. त्याला वाटते. तो बोलत नाही. म्हणून नाते बदलू लागल्याची पहिली खूण हाकेत दिसते. आधी 'दादा' किंवा 'काका' गळते. त्या जागी दुसरे काही येत नाही. 'अहो, ऐकलंत का, पाणी आलंय' अशी बिननावाची वाक्ये सुरू होतात. मराठीत नवऱ्याला नावाने हाक न मारण्याची जी जुनी रीत होती, तिची ही नकळत झालेली नक्कल म्हणावी लागेल. बिननावाचा हा काळ कधी कधी वर्षभर टिकतो. मग एक दिवस घाईत, गॅसवर दूध उतू जात असताना, नाव बाहेर पडते आणि त्याबरोबर 'तू'.

शेजारधर्माचे आणखी एक साधन म्हणजे वाटी. नव्या बिऱ्हाडात पहिल्या दिवशी विरजण नसते, साखर खोक्यात कुठे गेली ते सापडत नाही, म्हणून वाटी शेजारी जाते. मराठी घरांत एक नियम बायका पिढ्यान्‌पिढ्या पाळत आल्या आहेत: आलेली वाटी रिकामी परत करायची नाही. काहीच नसेल तर चमचाभर साखर, दोन लाडू, कैरीची फोड. या साध्या नियमामुळे देणारा आणि घेणारा अशी कायमची विभागणी होऊ शकत नाही. अपंग माणसाच्या आयुष्यात नेमकी हीच विभागणी झालेली असते. त्याच्या घरी वाट्या येतात, त्याच्याकडून जात नाहीत. सणाला ताट येते, औषध आणून देणारा येतो, बिल भरून देणारा येतो. 'असू दे हो, तुम्ही कशाला' हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते आणि त्यानेच माणूस घेणाऱ्यांच्या बाजूला कायमचा बसवला जातो. उपकाराचे ओझे पायांपेक्षा जड असते, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही.

नवी शेजारीण या रिवाजात फारशी मुरलेली नसते आणि तिची गरज खरी असते. दिवसभर ती कामावर, तिचे पार्सल कुणी घ्यायचे? कुरियरवाल्याला त्याचेच दार उघडे मिळते. घराची एक किल्ली त्याच्याकडे राहते. सिलिंडर येतो तेव्हा पैसे तो देतो. घरी बसून हिशेब लिहिणारा, भाषांतर करणारा किंवा मुलांच्या शिकवण्या घेणारा असेल तर तिच्या भावाचा आयकराचा फॉर्म, तिच्या मुलीचे गणित त्याच्याकडे येते. दिवसभर घरी असणे हे आजवर त्याच्या नुकसानीच्या खात्यात लिहिलेले असते. पहिल्यांदाच ते कुणाच्या तरी उपयोगी पडते. वाटी दोन्हीकडून जाऊ लागते. या टप्प्यावर प्रेम आहे की नाही हे सांगता येत नाही, पण ज्यावर ते उभे राहू शकेल अशी जमीन तयार झालेली असते.

देण्या-घेण्याच्या या प्रश्नाचा सगळ्यात धारदार विचार करणारी कलाकृती एका मराठी लेखिका-दिग्दर्शिकेच्या हातून, हिंदीत झाली. सई परांजपे यांचा 'स्पर्श' हा १९८०चा चित्रपट. ('सख्खे शेजारी' नावाचे नाटकही त्यांचेच, पण तो विनोदाचा प्रांत.) चित्रपटाची गोष्ट दिल्लीत घडते. नसीरुद्दीन शाह यांनी साकारलेला अनिरुद्ध अंध मुलांच्या शाळेचा अंध मुख्याध्यापक आहे आणि शबाना आझमी यांची कविता ही लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेलेली, घराबाहेर फारशी न पडणारी बाई आहे. म्हणजे इथे अपंगत्व एकाकडे आणि एकांत दुसरीकडे, अशी वाटणी आहे. डॉक्टरकडे निघालेला अनिरुद्ध वाटेत गाण्याचा आवाज ऐकतो आणि डॉक्टरच्या दाराऐवजी त्या आवाजाच्या दारात जाऊन उभा राहतो. दार चुकण्यातून ओळख होते. पुढे कविता शाळेत मुलांना शिकवू लागते, ओळख वाढते, लग्न ठरते आणि मग अनिरुद्ध ते मोडतो.

तो ते का मोडतो, हा चित्रपटाचा गाभा आहे. त्याला मदत सहन होत नाही. आपल्या कचेरीत आलेल्या पाहुणीने कॉफी देताना आपल्या हातून कपबशी काढून घ्यावी, याने तो चिडतो. ओम पुरी यांनी केलेला दुबे नावाचा मित्र, तोही अंध, त्याची बायको वारलेली. आपला संसार सुखाचा नव्हता असे तो सांगतो आणि अनिरुद्धच्या मनात कली शिरतो. कविता आपल्याशी लग्न करते आहे ते आपल्यासाठी की स्वतःच्या रिकामेपणात काहीतरी भरण्यासाठी? ती प्रेम करते आहे की त्याग? प्रश्न क्रूर आहे, पण खोटा नाही आणि सई परांजपे त्याला सोपे उत्तर देत नाहीत. अनिरुद्धचा ताठा त्या कौतुकाने रंगवत नाहीत. मदत नाकारणे हाही एक अहंकार असतो आणि मदत करण्यात रमणे हाही, हे दोन्ही त्यांनी एकाच चौकटीत दाखवले. या चित्रपटाला हिंदीतील सर्वोत्तम चित्रपटाचा, नसीरुद्दीन शाह यांना अभिनयाचा आणि सई परांजपे यांना पटकथेचा असे तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्याहून मोठी गोष्ट ही की अपंग नायकाला चिडण्याचा, चुकण्याचा आणि प्रेम नाकारण्याचा हक्क या चित्रपटाने दिला. आपल्याकडच्या बहुतेक कथांत तो एक तर मरतो किंवा शेवटी बरा होतो.

वास्तवात हा पेच कपबशीपाशीच अडतो, मोठ्या प्रसंगांत कमी. खुर्ची मागून न विचारता ढकलणे ही नव्या माणसाची हमखास चूक असते. खुर्ची हे सामान नसून ते त्याच्या अंगाचेच पुढचे टोक आहे, हे कळायला वेळ लागतो. दुसरी चूक गैरसमजाची. मणक्याला इजा झालेल्या माणसाला बराच वेळ एकाच जागी बसून चालत नाही. संवेदना नसलेल्या भागावर दाब पडून जखमा होतात आणि त्या भरायला महिने लागतात. म्हणून तो अधूनमधून दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकून अंग वर उचलतो, काही क्षण तसाच राहतो आणि पुन्हा बसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्या शेजारणीला वाटते, याला कंटाळा आला, आता आपण उठावे. ती उठते. तो थांब म्हणत नाही, कारण का थांब हे सांगायचे तर जखमांबद्दल बोलावे लागेल. अशा एका उचलण्याने कित्येक संध्याकाळी वाया जातात. ज्या दिवशी तो ते सांगून टाकतो आणि ती घड्याळाकडे बघून 'अर्धा तास झाला, उचल' असे सहज म्हणते, त्या दिवसाला साखरपुडा म्हणायला हरकत नाही.

शरीराबद्दल समाजाचे दोनच अंदाज असतात: याला काही जाणवत नसणार, किंवा याने या वाटेला जाऊ नये. दोन्ही चुकीचे. मज्जारज्जूची इजा किती वर, किती पूर्ण यावर संवेदना ठरतात आणि माणसामाणसांत त्यांत मोठा फरक असतो. पोलिओमध्ये तर संवेदना शाबूत असतात, स्नायू दुबळे होतात. लग्नाआधी दोघांनी मिळून डॉक्टरांशी बोलावे असा हा विषय आहे आणि आपल्याकडे तो सहसा एकट्या पुरुषालाही विचारता येत नाही. सेवेचा प्रश्नही शरीराचाच. अशा काही घरांत एक शहाणी तजवीज दिसते: आंघोळ आणि सकाळचे सगळे नर्सिंग ब्युरोचा माणूस येऊन करून जातो, बायको करत नाही. जमत नाही म्हणून नव्हे. तिला नर्स व्हायचे नाही आणि त्याला रुग्ण व्हायचे नाही, म्हणून. हा खर्च परवडतो त्यांनाच परवडतो, हेही तितकेच खरे.

बाहेरचा विरोध मात्र ठरावीक असतो. वधूवरांच्या जाहिरातींत एक शब्दप्रयोग वर्षानुवर्षे छापून येतो: 'घटस्फोटित, विधुर, अपंग चालेल'. चालू न शकणाऱ्या माणसाविषयी हे क्रियापद वापरताना कुणाची जीभ अडखळत नाही. मुलीच्या घरचे 'काय पाहिलंस त्याच्यात' असे विचारतात. त्याच्या घरी विरोध करते ती बहुधा आई. वीस वर्षे तिने त्याला उचलले, भरवले, रात्री कुशीवर वळवले. तिची भीती मत्सराची कमी आणि अनुभवाची जास्त असते. ही बाई दोन वर्षांत कंटाळून गेली तर पुन्हा उचलायचे आपल्यालाच, आणि आपले वय आता सत्तरीचे. या भीतीला तत्त्वज्ञानाने उत्तर देता येत नाही. ती बाई रोज येत राहते, हेच उत्तर. विरोधाहून अवघड जाते ते कौतुक. 'केवढं मोठं मन हो तिचं' असे म्हणून लोक तिला देव्हाऱ्यात बसवतात. त्या वाक्यात त्याच्या वाट्याला काय आले, हे कुणी पाहत नाही. तो विनोदी आहे, गणित सुरेख शिकवतो, भांडणात आधी माफी मागतो, म्हणून तिने त्याला निवडला, हे लोकांना सांगून पटत नाही.

कायद्याने मात्र वाट बरीच मोकळी केली आहे. २००७ मध्ये भारताने मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंगविषयक कराराने लग्नाचा आणि कुटुंबाचा हक्क स्पष्ट लिहिला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला, अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले आणि समाजात राहण्याचा हक्क कायद्याच्या भाषेत उतरला. महाराष्ट्रात दिव्यांग आणि अदिव्यांग यांच्या विवाहाला सरकारी अर्थसाहाय्यही मिळते. त्यामागचा हेतू चांगला आहे, तरी अशा लग्नाला प्रोत्साहन लागते हे गृहीत धरलेच आहे. लग्न नोंदवायला गेले की कायदा पुन्हा जिन्यापाशी येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एका वधूला तिच्याच लग्नाच्या नोंदणीसाठी लिफ्ट नसलेल्या कार्यालयात दोन मजले उचलून न्यावे लागले. बातमी गाजली, माफ्या झाल्या.

संसार मांडताना शेवटी मोजमापे उरतात. चाकाची साधी खुर्ची सुमारे दोन-सव्वादोन फूट रुंद असते आणि जुन्या घरांतले न्हाणीघराचे दार चौकट धरून तेवढेच. दार काढून पडदा लावणे हा बहुतेकांचा पहिला उपाय. शेजारी शेजारी दोन घरे असतील तर मधल्या दोन उंबऱ्यांचे काय, हा दुसरा प्रश्न. उताराचे प्रमाण सरकारी मार्गदर्शक सूचनांत एकास बारा ठरलेले आहे. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी चढायची तर एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो, जवळपास सहा फूट. दोन घरांमधल्या जिन्याच्या चौकात एवढी जागा क्वचितच असते, म्हणून एकाच घरात राहायचे ठरते आणि दुसऱ्याची किल्ली घरमालकाकडे परत जाते. तळमजल्यावर घर मिळाले तर उत्तम. तिथेही इमारतीच्या तोंडाशी तीन पायऱ्या असतातच. तीन पायऱ्यांना साडेपाच मीटरच्या आसपास उतार. एवढी जागा बहुधा दोन स्कूटरींनी अडवलेली असते आणि ती मोकळी करायची की नाही हे सोसायटीची सर्वसाधारण सभा ठरवते.

तुमच्या सोसायटीच्या सभेत हा विषय आला, तर 'एका माणसासाठी एवढा खर्च कशाला' असे कृपा करून म्हणू नका. त्या उतारावरून दोघे जाणार आहेत, कोपऱ्यावर चहा प्यायला.